कौतिकाचे कोरे उखाणे

रान मोठं आणि माणसं थोडी, तेव्हाची ही गोष्ट. तसं म्हटलं तर रान आजही मोठंच आहे आणि माणसं आजही थोडीच, त्यामुळे नेमकी कधीची ते सांगता येत नाही. विचारलं तर म्हाताऱ्या बायका नुसता हात खांद्यावरून मागे टाकतात. म्हणजे फार वर्षांपूर्वीची.

झाडीच्या पोटात पांगरटोला नावाचं गाव होतं. गाव म्हणायचं ते आपलं त्याचा मान ठेवायला. चार घरं नाल्याच्या अलीकडे, तीन पलीकडे, एक उगाच लांब टेकाडावर, आणि मध्ये सगळीकडे झाडं. ऐन, साग, मोह, तेंदू, धावडा. शेजारणीकडे विस्तव मागायला जायचं तर बाई हातात काठी घेऊन निघायची, आणि घरी परत येईपर्यंत विस्तवाची राख झालेली असायची.

त्या रानाला एक खोड होती. ते ऐकलेलं परत द्यायचं. डोंगरात हाक घुमते तसं नव्हे. ती घुमते आणि विरते. हे रान ऐकलेलं ठेवून घ्यायचं आणि मग मनाला येईल तेव्हा, मनाला येईल तिकडून, त्याच आवाजात बोलायचं. दुपारी आडव्या झालेल्या माणसाला सागाच्या आडून मागच्या सालचं भांडण ऐकू यायचं. कधीच मेलेल्या बैलाची घंटा नाल्यापलीकडून वाजत जायची. टेकाडावरच्या म्हातारीला तिच्या नवऱ्याचा खोकला ऐकू यायचा, आणि तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती तिकडे तोंड करून म्हणायची, "आता बस करा जी. झोपू द्या." आणि खोकला थांबायचा, असं म्हणतात.

म्हणून पांगरटोल्यात एक नियम होता. रानात शिरल्यावर कुणाचं नाव घेऊन हाक मारायची नाही. नुसतं 'कूऽऽ' करायचं. रानाला एकदा नाव सापडलं की ते नाव घेऊन रानच हाका मारणार, कधी इकडून, कधी तिकडून, आणि माणूस त्या हाकांमागे फिरत राहणार. त्यात आणखी रानात भुलनवेल होती. दिसायला साधी, पायाखालून जाणारी, पानं बोटभर. ती ओलांडली की माणूस वाट विसरायचा. दुसऱ्या माणसाचा हात अंगाला लागेपर्यंत ती भूल उतरायची नाही. आणि हात लागलाच नाही, तर तो माणूस हळूहळू आपलं नावही विसरायचा. मग त्याला बोलवायचं कसं?

अशा या गावात कौतिका सून म्हणून आली.

ती उघड्या मुलखातली होती, जिथे एका घरातून दुसऱ्या घरातली चूल दिसते. अंगाने बारीक, डोळे मोठे, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. लग्नाची वरात दारात आली तेव्हा बायकांनी रिवाजाप्रमाणे उंबरठा अडवला. नाव घे, मगच आत ये. कौतिका उभी राहिली. तिच्या माहेरच्यांनी शिकवून पाठवलेला उखाणा तिला पाठ होता, पण समोर इतकी अनोळखी तोंडं बघून तो कुठे गेला कुणास ठाऊक. ती बघत राहिली. बायका बघत राहिल्या. नवरदेवाच्या डोक्यावरचं बाशिंग एका बाजूला कललं.

शेवटी सगुणाकाकू, जिला गावात कुणी काही सांगायच्या भानगडीत पडत नसे, ती म्हणाली, "काय व भागरता, सून आणली का खांब आणला?"

भागरता म्हणजे सासू. ती म्हणाली, "थकली असन व पोर."

"थकलं तरी खांब बरा. त्याले टेकता तरी येते."

बायका खो खो हसल्या. हसता हसता बाजूला झाल्या, आणि कौतिका नाव न घेताच घरात गेली. पुढे कितीतरी दिवस ते हसू रानातून ऐकू यायचं. सकाळी ती पाणी आणायला निघाली की मोहाच्या बुंध्यामागून कुणीतरी म्हणायचं, "खांब आणला का?" आणि मग तेच खो खो. कौतिका घागर कमरेवर घेऊन थांबायची आणि ऐकायची. रडायची वगैरे नाही. कुठून आलं, किती वेळाने आलं, कुणाच्या आवाजात आलं, एवढंच ऐकायची. बोलायचं नसलं की ऐकायला वेळ पुष्कळ मिळतो.

तिचा नवरा दसरू. दसऱ्याला जन्मला म्हणून दसरू. तोही तसा कमीच बोलणारा. पण रानातून येताना रोज काहीतरी आणायचा आणि चुलीच्या कडेला ठेवून द्यायचा. कधी मोराचं पीस, कधी मूठभर चारोळीची चारं, कधी गांधीलमाश्यांनी सोडून दिलेलं रिकामं पोळं. हे तुझ्यासाठी, असं त्याने कधी म्हटलं नाही. माझ्यासाठी का, असं तिने कधी विचारलं नाही. सासू मात्र दोघांकडे बघून कपाळाला हात लावायची. म्हणायची, "माझ्या घरात दोन भिंती होत्या, आता चार झाल्या."

मार्गशीर्षात धुई उतरली, दाट धुक्याची. तशी दरसाल उतरते आणि दुपारपर्यंत उठते. त्या साली ती उठलीच नाही. झाडांचे शेंडे दिसेनात, मग बुंधे दिसेनात. अंगणात तांदूळ पाखडणाऱ्या बाईला आपलं सूप दिसे, पण सुपातले तांदूळ दिसत नसत, असं म्हणतात. अशा धुईत दसरूची तांबडी कालवड दावं तोडून रानात गेली, आणि तिला आणायला दसरू गेला. जाताना म्हणाला, "येतोच."

तो आला नाही.

रात्र गेली. सकाळी गावातले पुरुष रानाच्या कडेला जमले आणि सगळ्यांनी मिळून कू घातली. रानाने ती कू घेतली आणि चहूकडून परत दिली. आता खरी कोणती आणि रानाची कोणती, ते कू घालणाऱ्यांनाही कळेना. दोघेजण कमरेला दोर बांधून आत गेले, दोर संपला तिथून परत आले. म्हणाले, "हात समोर धरला तर हात दिसत नाही. माणूस कुठून दिसणार?"

भागरता तिथेच उभी होती. नियम तिला ठाऊक होता. गावातल्या लहान पोरांना तो नियम तिनेच शिकवला होता, कान धरून. पण आईचं पोट. ती पुढे झाली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडली, "दसरूऽऽ! ये रे बापा! दसरूऽऽ!"

थोडा वेळ काहीच नाही. मग नाल्याकडून भागरताचा आवाज आला, "दसरूऽऽ! ये रे बापा!" मग टेकाडाच्या मागून. मग अगदी लांबून, जिकडे कुणी कधी गेलेलं नव्हतं तिकडून. शंभर भागरता आपल्या मुलाला बोलावत होत्या, आणि प्रत्येकीच्या हाकेत तेच रडू होतं.

भागरता मटकन खाली बसली. "मीच घालवला," ती म्हणाली. "माझ्या तोंडाने घालवला."

आत दसरू आईच्या आवाजामागे फिरत असणार, आणि प्रत्येक फेऱ्याला घर आणखी विसरत असणार. दिवस मावळेपर्यंत त्याला हात लागला नाही तर तो आपलं नाव विसरेल, आणि मग आईने बोलावलं काय आणि बायकोने बोलावलं काय.

तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "मी जाते."

सगळ्यांनी वळून बघितलं. आवाज ओळखीचा नव्हता. सगुणाकाकूने तर धुईत आणखी कोण बाई उभी आहे ते शोधायला मान लांब केली. मग तिच्या लक्षात आलं, आणि ती म्हणाली, "अव माय. खांब बोलला."

कौतिका सासूजवळ बसली. "आत्याबाई, या रानाकडे सगळ्यांचे आवाज आहेत. तुमचा आहे, सगुणाकाकूंचा तर फारच आहे. माझा नाही. मी रोज ऐकते ना. एकदाही मला माझा आवाज परत आला नाही. मी बोललेच नाही तर तो येणार कुठून?"

"मग?"

"मग त्यांना एवढंच कळलं पाहिजे, की जो आवाज आधी कधी ऐकला नाही तो खरा."

सगुणाकाकू म्हणाली, "पन पोरी, एकदा तोंड उघडलं का रान शिकलं. दुसऱ्या हाकेले तूही शंभर होशीन."

"म्हणून दुसऱ्यांदा तेच म्हणायचं नाही."

"अन हाक मारशीन कशी? नवऱ्याचं नाव घेनार का उघड्या तोंडाने?"

कौतिका लाजली. धुईतही दिसावी इतकी लाजली, असं म्हणतात. नवऱ्याचं नाव नुसतं घ्यायचं नसतं. ते उखाण्यातच घ्यायचं. आणि जगात दसरूचं नाव उखाण्यात घेणारी बाई एकच. तिचा आवाज त्याने फारसा ऐकलेला नसला, तरी एवढं त्याला कळेलच की.

"उखाणे घेईन," ती म्हणाली. "दरवेळी नवा."

"तुले तर एकही येत नव्हता!"

"तो शिकवलेला होता," कौतिका म्हणाली, आणि पदर खोचून धुईत शिरली.

आत गेल्यावर तिला पहिल्यांदा काय सापडलं, तर झाड. हात लावून पाहिला. साल खडबडीत, चौकोन चौकोन तडकलेली, मगरीच्या पाठीसारखी. म्हणजे ऐन. आणि नाल्याच्या अलीकडे एवढा जाड ऐन एकच होता, दसरूने दाखवलेला, अर्थात न बोलता. ती त्याला पाठ लावून उभी राहिली. घसा खाकरला. आसपास कुणी नाही याची खात्री करून घेतली, आणि मग मोठ्याने म्हणाली,

"ऐनाच्या खोडावर मगरीची पाठ,
दसरूरावांचं नाव घेते, सोडा आडवाट!"

रान चपापलं. खरंच चपापलं, असं म्हणतात. सगळ्या भागरता एकदम थांबल्या. नवीन आवाज, नवीन शब्द. ते कुठे ठेवायचे तेच रानाला कळेना. मग थोड्या वेळाने टेकाडाकडून बारीक आवाजात आलं, "ऐनाच्या खोडावर..." आणि मग सगळीकडून आलं. पण तोवर कौतिका पुढे सरकली होती. तिच्या पायाला वारूळ लागलं.

"वारुळाच्या माथ्यावर धुकं निजलं कोवळं,
दसरूरावांचं नाव घेते, या की थोडं जवळं!"

जवळचं जवळं झालं खरं, पण रानात कोण चुका काढतंय?

तिकडे दसरू एका तेंदूच्या झाडाखाली बसला होता. आपण कोण, कुठले, हे त्याला अर्धंमुर्धं आठवत होतं. आईच्या हाकांमागे तो इतका फिरला होता की आता हाक आली तरी तो मान हलवून नाही म्हणे. पण ही हाक वेगळी होती. ही बाई त्याला ओरडून बोलावत नव्हती, ती कुठे उभी आहे ते सांगत होती. ऐन. वारूळ. आणि ती राव म्हणत होती. दसरूला जन्मात कुणी राव म्हटलं नव्हतं. तो उठला. एक उखाणा एकदा कानावर आला की पुन्हा त्याच्यामागे जायचं नाही, हे त्याला आपोआप कळलं. कोऱ्या आवाजाकडेच पाय वळवायचा.

कौतिका नाल्यात उतरली. रेतीत वाकून पाहिलं. खुरांच्या खुणा होत्या.

"नाल्यातल्या रेतीत सांबराचा माग,
दसरूरावांचं नाव घेते, आला मला राग!"

राग खरंच आला होता. 'येतोच' म्हणून जाणाऱ्याचा येतो.

मग सुचेल तसं सुटलं. धावड्यावर घेतला, मोहावर घेतला, पायात रुतलेल्या काट्यावर घेतला. हाताला लागणारी झाडं संपली तेव्हा तिने घर काढलं.

"मातीच्या हंडीत आंबाडीची भाजी,
दसरूराव उपाशी, सासू नाही राजी!"

रानाच्या कडेला उभ्या असलेल्या बायकांना हे सगळं ऐकू येत होतं, चहूकडून, एकावर एक. सासू रडता रडता म्हणाली, "मी कधी म्हनलं राजी नाही?" सगुणाकाकू म्हणाली, "गप व. जुळवाजुळव आहे ती." आणि पुढच्या उखाण्याला तिने स्वतःशीच मान डोलावली, असं म्हणतात, पण तिच्या घरचे ते मान्य करत नाहीत.

दिवस कलायला लागला. कौतिकाचा आवाज बसत चालला. प्रत्येक नवा उखाणा थोड्याच वेळात जुना होत होता आणि तिच्याच आवाजात तिच्यावर धावून येत होता. आपण आत्ता कुठला म्हटला आणि रानाने कुठला, याचा तिलाच घोळ व्हायला लागला. पण सूर्य सागाच्या शेंड्यांशी आला आणि तिथेच थांबला. पुढचा ऐकल्याशिवाय कसं जायचं, असं त्याला झालं असावं. धुईतून तो नुसता पिवळा डाग दिसत होता, आणि तो डाग हलला नाही. त्या दिवशी संध्याकाळ फार लांबली. टेकाडावरच्या म्हातारीची गाय वेळ चुकून दोनदा पान्हवली.

शेवटी कौतिकाकडे शब्दच उरला नाही. झाड नाही, दगड नाही, घर नाही, गंमत नाही. ती एका जागी उभी राहिली. समोर धुईत काहीतरी आहे असं तिला वाटलं. तिच्यासारखंच थकलेलं, उभं. हात लांब केला तरी पोचणार नाही इतकं लांब, आणि रान एवढ्या गोंगाटात की जवळचं पाऊलही ऐकू येऊ नये. तिने श्वास घेतला आणि अगदी हळू, एका माणसाला ऐकू जाईल इतकाच, एक उखाणा घेतला.

तो काय होता, हे कुणालाच ठाऊक नाही. कडेला उभ्या असलेल्या बायकांना तो ऐकू आला नाही. कारण रानाने तो परत दिलाच नाही.

रान गप्प झालं. सगळं. आणि त्या शांततेत दसरू चार पावलं पुढे आला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आलो," तो म्हणाला.

तेवढ्यात सूर्य घाईघाईने खाली गेला, असं म्हणतात.

पण गोष्ट इथे संपत नाही. दसरूने दुसऱ्या हाताने कालवडीचं शिंग धरलं होतं, आणि कालवडीच्या शेपटीला एका म्हाताऱ्याने धरलं होतं. अंगावर लंगोटी, डोक्यावर टोपली. तो हाटाला म्हणून निघाला होता आणि त्याची नातवंडं गावात म्हातारी होऊन बसली होती. त्याच्या खांद्यावर एका नवरीचा हात होता. हळद अजून ओली, पण साडीचा काठ असा की तसला विणणारे लोकही आता नाहीत. तिच्यामागे आणखी कोणी, त्याच्यामागे आणखी. नाव त्यांचं नव्हतं, पण हाक नवी होती, म्हणून ते उठून आले. एकाचा हात दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, अशी ओळ पांगरटोल्याच्या कडेला बाहेर पडली, आणि भुलनवेलीची भूल एकेकाच्या अंगावरून धूळ झटकावी तशी उतरत गेली.

टोपलीवाल्या म्हाताऱ्याने आधी विचारलं, "हाट सुटला का?"

सगुणाकाकूने त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या डोक्यावरच्या टोपलीकडे. शेवटी ती म्हणाली, "सुटला जी. पन जेवून जा."

त्या रात्री गावातली कुठलीच चूल निवली नाही. भागरताने मुलाला आधी जवळ घेतलं नाही. तिने सुनेचे पाय धुतले, आणि त्यातला काटा काढला. कौतिका संकोचाने "राहू द्या, आत्याबाई" म्हणाली, पण घशातून आवाज आलाच नाही. पुढे तो आला, पण घोगरा, आणि आधीइतकाच कमी. पांगरटोल्यात त्यावरून कुणी कधी काही बोललं नाही. ती म्हातारी होईपर्यंत दसरू रोज काहीतरी आणून चुलीच्या कडेला ठेवत राहिला. शेवटचा उखाणा कोणता होता म्हणून लोकांनी त्याला किती विचारलं. तो कान खाजवायचा आणि कुंपणाचा एखादा खुंटा हलवून बघायला लागायचा. तो गेला तेव्हा उखाणाही गेला.

आता त्या रानाच्या कडेला पांगरटोल्याची घरं थोडी वाढली आहेत, फार नाही. कौतिकाचं देऊळ नाही, दगड नाही, शेंदूर नाही. तिला ते आवडलंही नसतं. पण मार्गशीर्षात पहिली धुई उतरते त्या सकाळी गावात कामं बंद असतात. पुरुष धुईत शिरतात, थोडेसेच, आणि डोळे मिटून उभे राहतात. बायका कडेला येऊन एकेक उखाणा घेतात. पाठ केलेला चालत नाही, आईचा चालत नाही, मागच्या सालचा तर मुळीच नाही. ज्याचं नाव आलं त्याने आवाजाकडे चालत यायचं, आणि हात लागल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत. भांडून आलेले झाडांवर आपटतात. कुणाचा नवरा नसतो, तरी ती नाव घेते, जरा वेळ थांबते, आणि मग बाजूला होते. एखाद्या नव्या सुनेला काहीच सुचत नाही. तिला कुणी हसत नाही. सगळे पाय आखडेपर्यंत उभे राहतात.

मग सगळे घरी जाऊन आंबाडीची भाजी खातात, आणि दिवसभर रान ते सगळे उखाणे परत देत बसतं. यमकं चुकवून, नावांची अदलाबदल करून, हिचा नवरा तिच्या गळ्यात घालून. घराघरातून लोक ऐकतात आणि हसतात. म्हाताऱ्या तेवढ्या हसता हसता मध्येच कान देतात. इतक्या वर्षांच्या इतक्या उखाण्यांत तो एक कधीच आलेला नाही. त्या सांगतात, रान तेवढंच परत देतं जे ज्याचं त्याला पोचलं नाही. तो पोचला होता, असं म्हणतात.